पावणेचारची बाग

मागच्या वर्षी आमच्या कॉलनीतल्या बायकांच्या मंडळानं मला भाषणाला बोलावलं. विषय त्यांनीच ठरवला होता: वय वाढताना आनंदात कसं राहावं. का, तर मी पासष्टी ओलांडली तरी पहाटे साडेतीनला उठते, उजाडेपर्यंत बागेत असते, आणि वर दिवसभर टुणटुणीत असते म्हणे. गेले. मोगऱ्यावर बोलले, पहाटेच्या गारव्यावर बोलले, मातीत हात घातला की गुडघे दुखतात हेच विसरायला होतं असंही सांगितलं. बायकांनी टाळ्या वाजवल्या, शाल दिली, फोटो काढले. मी बोलले त्यात एक शब्द खोटा नव्हता. फक्त मी साडेतीनला का उठते, ते सांगितलं नाही.

मी भित्री बाई आहे. जिल्हा परिषदेच्या शाळेत सगळी नोकरी मी आवाजावर काढली. मी वर्गात पाय ठेवला की टाचणी पडली तरी ऐकू यायची, हेडमास्तरसुद्धा माझ्याशी जपून बोलायचे. घरातही तोंडाचा पट्टा माझाच चालतो. पण ते सगळं दिवसाचं. पहाटे पावणेचारला माझ्या छातीत जे होतं ते फक्त आमच्या ह्यांना ठाऊक आहे.

भूकंप झाला तेव्हा मी पस्तिशीची होते. लातुरात त्या रात्री विसर्जनाचे ढोल उशिरापर्यंत चालले होते, आणि सकाळी शाळा आहे म्हणून मी मंडळवाल्यांना मनातल्या मनात चार शिव्या हासडून झोपले होते. चार वाजायच्या आत जमीन हलली. आमचं घर तेव्हा माळवदाचं, लाकडी सऱ्यांवर मातीचा जाड थर. फळीवरची भांडी खाली आली, डोळ्यांत माती गेली. ह्यांनी एका हातानं पोराला उचललं, दुसऱ्या हातानं माझा दंड धरला आणि आम्ही अंगणात आलो. आम्हाला कुणाला काही झालं नाही. भिंतीला दोन भेगा पडल्या, बस्स.

तिसऱ्या दिवशी आम्ही शिक्षक मंडळी भाकरी घेऊन किल्लारीकडं गेलो. गावोगाव काय होतं ते सगळ्यांनी पाहिलंय, ऐकलंय, मी पुन्हा सांगत बसत नाही. मला एकच दिसतं. एका घराची पुढची चौकट तेवढी उभी होती. मी मागच्या बाजूनं दगडांवरून येत होते, म्हणून मला दाराची आतली बाजू दिसली. कडी लावलेली होती. मागं घर नव्हतं आणि कडी लावलेली होती. त्या दिवसापासून आमच्या घरात रात्री आतून कडी लागली नाही. मांजर शिरू नये म्हणून दाराला सुतळी अडकवतो, तेवढंच.

पुढं कितीतरी महिने अख्खं लातूर अंगणात, मैदानात, रस्त्याच्या कडेला झोपलं. मधूनच जमीन गुरगुरायची, मग अफवा उठायच्या, की आज रात्री मोठा येणार. थंडी वाढली तसे एकेक करून सगळे आत गेले. आम्हीही गेलो. पण साडेतीन झाले की माझे डोळे टक्क उघडायचे. वर बघायचं, सरे मोजायचे. शेवटी मी ह्यांना हलवायचे आणि म्हणायचे, बाहेर चला. पोराला गोधडीसकट उचलून आम्ही अंगणात जाऊन बसायचो, आणि सूर्य वर आला की आत यायचो. उजेडात भूकंप होत नाही असं कुठं लिहिलेलं नाही. मला ठाऊक होतं. मी भूगोल शिकवत होते.

हे एसटीच्या वर्कशॉपमध्ये होते. चिडणं त्यांच्या स्वभावातच नाही. फार तर चिडवायचे. "भूकंप म्हंजी काय वर्कशॉपची पाळी हाय का, ठरल्या टायमाला यायला?" एवढं म्हणून उठायचे, चादर खांद्यावर टाकायचे आणि माझ्या आधी बाहेर जाऊन खाट झाडायचे. पोरगं मोठं झालं तसं त्यानं साफ सांगितलं, की मी काय उठणार नाही. ह्यांनी एकदाही तसं म्हटलं नाही.

पण नुसतं बसणं फार वाईट. रस्त्यावरनं ट्रक गेला तरी काळजात धस्स व्हायचं. पायाचा तळवा जमिनीला टेकवून मी बसायचे, हलतंय का बघायला. एका पहाटे भिंतीपलीकडच्या भाभी नमाजाआधी वजूला, हातपाय धुवायला उठल्या आणि त्यांनी मला तसं बसलेलं पाहिलं. मोगऱ्याची एक फांदी कापून भिंतीवरनं दिली. म्हणाल्या, हाताला काही तरी काम लाव. मी घरातलं उलथनं आणलं, खड्डा केला, फांदी लावली. तेवढ्या वेळात तळव्याकडं लक्ष गेलं नाही. पंधरा मिनिटं असतील. त्या वर्षातली माझी ती पहिली बिनभीतीची पंधरा मिनिटं.

मग मी लागलेच की कामाला. कढीपत्ता, गवती चहा, अबोली, जास्वंद, भिंतीवर दोडक्याचा वेल. लातुरात बाग करणं म्हणजे डोकं फिरल्याचं लक्षण, नळाला आठ-दहा दिवसांनी पाणी, उन्हाळ्यात टँकरच्या मागं धावायचं. तरी केली. तांदळाचं धुवण, भाजीचं धुवण, कपड्यांचं शेवटचं पाणी, सगळं झाडांना. कुणी पाहुणा हात धुवायला मोरीत गेला तर मी म्हणायचे, मोरीत नको, त्या जास्वंदीवर धुवा. आमच्या नणंदबाई अजून त्यावरून हसतात.

खोटं कशाला सांगू, मला सुख व्हायला लागलं. भीती गेली असं नाही, ती पावणेचारला यायचीच, पण ती येऊन जायची आणि मी खुरपं घेऊन तिथंच असायचे. अंधारात मोगरा आधी वासानं कळतो, मग हाताला लागतो, आणि फटफटलं की दिसतो. भाभींकडची बादली वाजायची, मशिदीतली अजान व्हायची, हे हळू आवाजात त्रिसरण म्हणायचे आणि मग चहा टाकायला आत जायचे. बशीत चहा ओतून दोघं पायरीवर बसायचो. कधी कधी मी पावणेचार कधी वाजून गेले ते विसरायचे, आणि लक्षात आलं की मलाच चोरी केल्यासारखं वाटायचं.

पोरगं नांदेडला नोकरीला लागलं, ह्यांची नोकरी संपली, आणि लातुरात क्लासचं पीक आलं. गल्लीत ज्याला त्याला भाड्याला खोल्या पाहिजे. आम्हीही माळवद पाडलं, स्लॅब टाकला, वर चार खोल्या काढल्या आणि डॉक्टर व्हायला आलेल्या पोरी ठेवल्या. जळकोटच्या, नायगावच्या, देगलूरच्या. स्लॅब टाकला त्या दिवशी मला ताप भरला. माती अंगावर पडली तर उकरून काढतात, स्लॅबला काय करणार? हे म्हणाले, इंजिनिअरनं सळई जास्त घातली हाय. मी म्हटलं, म्हणजे जड झाला ना आणखी.

पण त्या पोरींची मला सोबत झाली. त्यांचे गजर चारला व्हायचे. वर एकेक दिवा लागायचा, पुटपुटत पाठांतर सुरू व्हायचं, आणि खाली अंधारात मला बरं वाटायचं. त्याही भ्यालेल्याच होत्या. दर आठवड्याला टेस्ट, टेस्टचा नंबर बापाच्या मोबाइलवर. मार्क पडले की एखादी खाली येऊन माझ्याबरोबर पाणी घालायची. मी विचारायचे नाही, आणि ती सांगायची नाही.

परीक्षा झाली की पोरी गावाकडं जायच्या आणि बादल्या मागं ठेवायच्या. प्रत्येकीची आंघोळीची एक, कपड्याची एक. एसटीत बादली कोण नेतो? दर उन्हाळ्यात मला आठ-दहा बादल्या मिळायच्या. मी तळाला भोकं पाडायचे, माती भरायचे, झाड लावायचे. निळी बादली, हिरवी बादली, कुणाचं नाव रंगानं लिहिलेली बादली. वर्षं गेली तशी अंगणात बादल्यांची दाटी झाली. आधी भिंतीकडेला, मग मधे दोन ओळी, मग पायरीच्या दोन्ही बाजूंना. जे अंगण मी पळून यायला मोकळं ठेवलं होतं, ते माझ्याच हातानं भरत गेले आणि मला कळलं नाही. ह्यांनी एकदा म्हटलं होतं, पायरीपाशी जरा जागा ठेव. मी फणकारले, झाडांनी तुमचं काय घोडं मारलंय?

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. ते त्र्याहत्तर वर्षांचे होते. मी जास्वंदीच्या मुळाशी बसले होते, ते त्या दिवशी लवकरच चहा टाकायला आत गेले होते. पावणेचार झाले असतील. आणि माझ्या तळव्याखाली जमीन थरथरली.

थरथरली, थांबली, परत थरथरली, आणि खोलवरनं घुमल्यासारखा आवाज आला. मी किंचाळले. "बाहेर या, हाललं, बाहेर या!" माझा असला आवाज मी स्वतः कधी ऐकला नव्हता. हे आतनं धावत आले. अनवाणी, चष्म्याशिवाय, अंधारात. पायरी उतरताना डाव्या बाजूच्या बादलीला पाय लागला आणि ते कुशीवर पडले. हाड मोडल्याचा आवाज मला त्या घुमण्याच्या वर ऐकू आला.

तो भूकंप नव्हता. शेजारच्या प्लॉटवर पोरांच्या होस्टेलचं काम चालू होतं, तिथं रात्री बोअरची गाडी येऊन लागली होती. लातुरात राहून बोअरची गाडी ओळखू न येणारी मी एकटीच असेन. दर उन्हाळ्यात ऐकतो आम्ही. दुपारी ऐकली असती तर म्हटलं असतं, किती फूट गेले, पाणी लागलं का. पण पावणेचारला मला दुसरं काही ऐकूच येत नव्हतं.

पोरी धडाधडा खाली आल्या. जळकोटच्या पोरीनं ह्यांचा पाय हलू दिला नाही, ओढणीनं फळी बांधली, पुस्तकात वाचलं होतं म्हणाली. दवाखान्यात खुब्याचं ऑपरेशन झालं. सगळ्यांनी विचारलं, कसे पडले? मी सांगितलं, पायरी ओली होती, घसरले. पोराला तेच, नणंदेला तेच, डॉक्टरला तेच. हे खाटेवर पडून ऐकत होते. त्यांनी एकदाही सांगितलं नाही की हिनं हाक मारली म्हणून मी पळालो.

घरी आणलं ते वॉकरवर. मी निम्म्या बादल्या वाटून टाकल्या, उरलेल्या भिंतीला लावल्या. पायरीवरनं सिमेंटचा उतार करून घेतला. त्यांचा पलंग बाहेरच्या खोलीत दारालगत लावला आणि माझा त्याच्या पलीकडं, आतल्या भिंतीशी. आता माझ्या डोक्यात दिवसरात्र एकच हिशेब. हाललं तर ह्यांना बाहेर काढता येईल का? पलंगावरून उठून वॉकर धरायला किती वेळ, दारापर्यंत किती पावलं, उतारावर तोल गेला तर? आम्ही दुपारी एकदा करून बघितलं. मी त्यांना सांगितलं की व्यायाम आहे. चार मिनिटं लागली. भूकंप एवढा वेळ थांबत नाही.

पोरानं नांदेडहून फोनवर फोन लावले. इकडं या, फ्लॅट मोठा आहे, लिफ्ट आहे, बाबांना खाली-वर करायला त्रास नाही. त्याचा फ्लॅट चौथ्या मजल्यावर. मी म्हटलं, माझी बाग कोण बघेल? तो रागावला, म्हणाला, आई, बाबांपेक्षा तुला झाडं जास्त झाली का? ते मला लागलं. पण चौथ्या मजल्यावरून ह्यांना घेऊन मी कशी उतरणार, हे त्याला सांगण्यापेक्षा मी ते ऐकून घेतलं.

आणि पहाटे बाहेर नेणं मी सोडलं नाही. हे आधीच सांगायला पाहिजे होतं, पण लाज वाटते. डॉक्टरांनी सांगितलं होतं, थंडी लागू देऊ नका, झोप पुरी होऊ द्या. तरी, वेळ लागतो म्हणून आता सव्वातीनलाच मी त्यांना उठवायचे. स्वेटर, मफलर, मोजे, वॉकर. एकेक पाऊल टाकत आम्ही दारातून उतारावर आणि उतारावरून खुर्चीपर्यंत. त्यांना खुर्चीत बसवून, पायावर गोधडी टाकून मी झाडांकडं वळायचे आणि माझा जीव भांड्यात पडायचा. मी पानं पुसायचे, गुणगुणायचे. मागं ते थंडीनं कुडकुडत बसलेले असायचे. भाषणाला गेले होते ना, ते ह्याच दिवसांत.

परवाच्या पौषातली पहाट. दारापर्यंत आलो आणि ते थांबले. मला वाटलं दम लागला. मी म्हटलं, चला, तीनच पावलं राहिली. ते वॉकरवर दोन्ही हात टेकून उभे राहिले आणि म्हणाले, "मला आत झोपू दे आता."

मी म्हटलं, थोडा वेळच तर आहे. ते म्हणाले, "मला जमिनीचं भ्या कधीच नव्हतं. तू भितीस म्हणून येत होतो." मग म्हणाले, "आता मात्र मला भ्या वाटायलंय. हाललं तर तू मला ओढत बसशील. दोघंबी जाऊ. हाललं तर तू पळायचं, मला सोडून. कबूल कर."

मला इतका राग आला की काय सांगू. एवढ्या वर्षांत मी त्यांना जे जे बोलले नव्हते ते बोलले. म्हटलं, माझं डोकं फिरलंय का, काहीही काय बोलता, थंडीनं तुमची बुद्धी गोठली का. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. परत म्हणाले, "कबूल कर."  तीस वर्षं मी ह्या माणसाला अंधारात बाहेर बसवलं, एकदा पाडलं, आणि त्यांना भीती वाटत होती ती माझ्या जिवाची. मला रडू आलं. मी हो म्हटलं.

ते तेवढ्यावर थांबले नाहीत. उजाडल्यावर त्यांनी वरच्या पोरींना हाक मारली आणि पलंग बदलून घेतले. त्यांचा आत भिंतीशी, माझा दारालगत. पोरींनी विचारलं, आजोबा, का? म्हणाले, आजीला बागेत जायला सोपं पडतं.

दुसऱ्या दिवशी साडेतीनला मी जागी झाले. दार लोटलेलं होतं, फटीतून गार वारा येत होता, दोन पावलांवर अंगण.  मी उठले, चपला पायात सरकवल्या. मागं वळून पाहिलं तर ते जागे होते. माझ्याकडंच बघत होते, आणि त्यांचा चेहरा निवांत होता. मी बाहेर चालले याचं त्यांना बरं वाटत होतं.

मी चपला काढल्या. अंधारात चाचपडत त्यांच्या पलंगापाशी गेले.

"इकडं कुठं? कबूल केलं होतंस की."

"खोटं बोलले," मी म्हटलं.

 हळूहळू, दुखरा पाय हातानं उचलून ते भिंतीकडं सरकले, म्हणजे दाराकडची कड मला मिळावी. मी त्यांना म्हटलं, तिकडं नाही, अलीकडं सरका. पलंग भिंतीपासून वीतभर ओढला, त्या फटीतून अंग चोरत पलीकडं गेले आणि त्यांच्या आणि भिंतीच्या मधे आडवी झाले. वर पोरींचा चारचा गजर होईपर्यंत मी स्लॅबकडं बघत होते. हातपाय गार पडले होते, आणि त्यांनी माझा दंड धरून ठेवला होता. झाडांना त्या दिवशी ऊन वर आल्यावर पाणी मिळालं.